कच्चा लिंबू पक्का कधी होतो?



स्मरणिका समितीने मला फर्मावलं, "काका, तुम्ही जुने आहात, संस्थेचा इतिहास लिहा." आता नोंदणी कधी झाली, पहिली बोअरवेल कुठे मारली आणि कुठल्या वर्षी सर्वसाधारण सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली, हे सगळं सचिवांनी अहवालात दिलेलंच आहे. तेच पुन्हा लिहिणं म्हणजे एकच चेक दोनदा वटवण्यासारखं. म्हणून मी वेगळा इतिहास लिहायचं ठरवलं. तो आहे एका प्रश्नाचा. रौप्यमहोत्सवी फुटबॉल सामन्यांच्या निमित्ताने तो आपल्या क्रीडा समितीपुढे आला आणि माझी दोन रात्रींची झोप घेऊन गेला. प्रश्न साधा आहे. लहान गटातल्या मुलाला मोठ्या गटात खेळू द्यायचं का? द्यायचं तर कधी, आणि ते ठरवायचं कुणी?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या पूर्वजांनी त्यावर एक तोडगा काढला होता आणि त्याला झकास नावही दिलं होतं : कच्चा लिंबू. कुणी त्याला लिंबूटिंबू म्हणत. साठी ओलांडलेल्यांना हे समजावून सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगतो. डबा ऐसपैस, लगोरी, लंगडी, सूरपारंब्या असे खेळ सुरू झाले की एखादं शेंबडं भावंड "मला पण घ्या" म्हणून मागे लागायचं. घेतलं नाही तर ते घरी जाऊन आईला सांगणार, आणि घेतलं तर खेळ बिघडणार. मग त्याला कच्चा लिंबू करायचं. तो सगळ्यांबरोबर पळायचा, लपायचा, ओरडायचा, पण आउट झाला तरी आउट धरायचा नाही. त्याच्यावर राज्य यायचं नाही. भिडू वाटून घेताना त्याला मोजायचंच नाही.

ह्यातली खुबी आम्हाला तेव्हा कळली नव्हती. कच्चा लिंबू मोठ्यांच्या खेळात असायचा, पण मोठ्यांच्या खेळाचं ओझं त्याच्यावर नसायचं. आत राहून तो खेळ शिकायचा. मग एक दिवस त्यालाच ते नाव बोचू लागे. "मी कच्चा नाही, माझ्यावर राज्य आलं तरी चालेल," असं तो स्वतःच सांगे. दोन-चार मोठी पोरं एकमेकांकडे बघत आणि म्हणत, "बरं, आजपासून तू पक्का." अर्ज नाही, दाखला नाही, बापाची शिफारस तर नाहीच. मागणी पोराची आणि मंजुरी बरोबर खेळणाऱ्यांची, एवढाच कारभार.

मोठ्या माणसांच्या खेळातही अशी नजर होती. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात जाणती माणसं आधी जोड लावत. दोन पोरं समोरासमोर उभी करायची, खांदे, मांड्या, मान बघायची, कुणी किती मेहनत केली आहे ते ठाऊक असायचंच, आणि मग सांगायचं, ही जोड बरोबर आहे. विजोड कुस्ती लावली तर लोक लावणाऱ्याला शिव्या घालत, हरणाऱ्याला नव्हे. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

वय मात्र ह्यात कुठेच नव्हतं. कारण वय कुणाला ठाऊकच नव्हतं.

माझंच उदाहरण घ्या. माझी सरकारदरबारी जन्मतारीख १ जून १९५१. आपल्या संस्थेतल्या माझ्या पिढीच्या सभासदांनी एकदा आपापली आधार कार्डं काढून बघावीत. १ जूनवाले किती निघतात ते पाहून गंमत वाटेल. आम्ही सगळे काही एकाच मुहूर्तावर जन्मलो नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराचा हात धरून शाळेत यायचा, मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "लावणी चालली होती." मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताशी आला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. तारखेच्या रकान्यात १ जून.

माझं गाव रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. आई सांगायची, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला मतं पडली आणि त्यानंतरच्या पावसात तू झालास. ती निवडणूक १९५१ च्या अखेरीला सुरू होऊन १९५२ च्या फेब्रुवारीत संपली. म्हणजे माझा जन्म १९५२ च्या पावसाळ्यातला. पण माझे हात लांब होते. पाचव्या वर्षीच कान सापडला आणि मी कागदावर वर्षभराने मोठा झालो. त्याची किंमत पुढे बँकेत मोजली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्या नियमाने ३१ मे २०११ रोजी मला नारळ आणि शाल मिळाली. मास्तरांच्या एका अंदाजाने माझा वर्षभराचा पगार गेला. असो, मास्तरांवर राग नाही. त्यांनी शिकवलं म्हणून तर बँकेत लागलो.

पण शाळेत असताना त्या वर्षाचा त्रास वेगळाच होता. उंचीने मी वर्गात मधोमध बसायचो, ताकदीने मात्र शेवटचा. हुतूतूत मला पहिल्यांदा धरायचे. मला वाटायचं, आपण मुळातच नेभळट आहोत. आपण एक वर्ष वरच्या गटात खेळतोय हे मला कुणी सांगितलं नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं, हे पुष्कळदा त्याला कुणाशेजारी उभं केलंय त्यावर ठरतं.

हुतूतू म्हणजे आताची कबड्डी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा, बडोदा इथल्या मंडळींनी तिचे नियम लिहून काढले आणि गावागणिक वेगळा असलेला खेळ एका साच्यात आणला. आपल्या रायगडात तर कबड्डी म्हणजे पिकानंतरचं पीक. भातकापणी झाली की शेतातली धसकटं काढायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि रात्रीचे सामने सुरू. माझ्या लहानपणी गॅसबत्त्या असत, मग हॅलोजन आले, आता मॅटही येते. पेण, रोहा, अलिबाग, कुठेही जा, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लाउडस्पीकरवरून गुण ऐकू येणारच.

कबड्डीने वयाचा गुंता सोडवण्यासाठी वजनकाटा आणला. किशोर गट, कुमार गट अशी वयाची पायरी ठेवलीच, पण जोडीला वजनही धरलं. कुमार मुलांसाठी वीस वर्षं आणि सत्तर किलो अशी दुहेरी अट असते. हा शहाणपणा आहे. पकडीत अंगावर चार जण पडतात तेव्हा जन्मदाखला मध्ये येऊन वाचवत नाही, वजनाचा फरक मात्र लगेच कळतो. आमच्याकडे हा काटा बहुधा भाताच्या गिरणीतून आणलेला असे. वजनात बसावं म्हणून सकाळपासून उपाशी राहिलेली, अंगात दोन-दोन स्वेटर घालून पळणारी पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणजे काट्यालाही फसवता येतं. शिवाय काटा वजन सांगतो, पण मनाची तयारी सांगत नाही. हे मला फार उशिरा कळलं. कसं, ते पुढे सांगतो.

कागदाचं राज्य आलं ते हळूहळू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला आणि १ जूनवाल्यांची पैदास कमी होऊ लागली. आज शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांत होतात आणि अमुक सालच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला, अशी अट असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. कागद यायलाच हवा होता. कारण जाणत्यांची नजर कितीही पारखी असली तरी ती कधीकधी आपल्या पोराकडे, आपल्या आळीकडे झुकते. शिवाय दाखला बदलून मोठ्या पोराला खालच्या गटात घुसवण्याची विद्या आपल्या देशात चांगलीच फोफावली. शेवटी क्रिकेट नियामक मंडळाला सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवावं लागलं. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, २००९ साली नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय सुरू केला. आमचे मास्तर कान बघायचे, आता डॉक्टर मनगट बघतात. प्रगती आहे, नाही म्हणत नाही.

पण कागदाची एक खोड आहे, ती बँकेतल्या माणसाला बरोबर ठाऊक असते. कागद तारखेवर बोट ठेवतो. १ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. दहा-अकरा वर्षांच्या वयात बारा महिने म्हणजे केवढं अंतर! कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून दाखवल्या. वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा दिसला. ती मुलं गटात वयाने मोठी असतात, म्हणून निवडली जातात, म्हणून त्यांना जास्त सराव मिळतो आणि म्हणून ती खरंच पुढे जातात. फुटबॉलमध्येही हेच आढळलं. मग २०१५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांनी मुलांची शरीरं किती भरली आहेत ते पाहून गट पाडून सामने घेऊन पाहिले. वाचलं तेव्हा मला हसू आलं. जत्रेत जोड लावणारे आमचे म्हातारे हेच तर करत होते!

आता तुम्ही म्हणाल, काका, नियमांचं सांगता, पण सचिन नियम पाळत बसला असता तर? बरोबर. हे उदाहरण प्रत्येक बाप देतो. मीही दिलं होतं. म्हणून ते जरा नीट बघू.

सचिन तेंडुलकरचा जन्म २४ एप्रिल १९७३ चा. थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. तेव्हा सचिन चौदा वर्षांचा होता आणि कांबळी सोळा. एवढं सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मात्र आपण विसरतो. १९८७ च्या नोव्हेंबरातच त्याला मुंबईच्या रणजी संघात घेतलं होतं. पण त्या पूर्ण हंगामात त्याला अकरा जणांत एकदाही खेळवलं नाही. तो मोठ्यांबरोबर असायचा, बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात जायचा. सांगा, हा कच्चा लिंबूच की नाही? वर्षभराने, ११ डिसेंबर १९८८ रोजी, वानखेडेवर गुजरातविरुद्ध त्याला खेळवलं आणि त्याने नाबाद शतक काढलं. १९८९ च्या सुरुवातीला भारतीय संघ वेस्ट इंडीजला जाणार होता, तेव्हा त्याच्या नावाचा विचार झाला होता. पण तिथल्या तोफखान्यापुढे ह्या पोराला इतक्यात उभं करायचं नाही, असं निवड समितीने ठरवलं. तो कसोटीत उतरला १५ नोव्हेंबर १९८९ रोजी, कराचीला, सोळा वर्षं आणि दोनशेपाच दिवसांचा असताना. त्याच मालिकेत सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर बसला, रक्त आलं, तरी तो उभा राहिला आणि ५७ धावा काढून गेला.

म्हणजे ज्याला आपण नियम मोडून वर गेलेला मुलगा म्हणतो, त्याला एकेक पायरी चढवली होती, दोन ठिकाणी थांबवलं होतं, आणि चढवणारे-थांबवणारे वेगवेगळे होते. भाऊ एक, गुरू दुसरे, निवड समिती तिसरी. बँकेत एकाने व्हाउचर लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची असते, त्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तसंच हे.

आता माझी गोष्ट. ती लिहावी की नाही ह्यावर विचार केला. पण पंचवीस वर्षं एका आवारात राहिल्यावर लपवायचं काय?

१९९३ साली मी रोह्यात बदलीवर होतो. मुलगा अकरा वर्षांचा, अंगाने भरलेला, चपळ. आसपासच्या मुलांच्या कबड्डी सामन्यांत तो चमकायचा आणि लोक मला म्हणायचे, "साहेब, पोरगं नाव काढणार." बापाला आणखी काय हवं? त्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलांचे सामने होते. खालच्या गटातही त्याला खेळता आलं असतं. पण मी म्हटलं, वरच्या गटात खेळू दे, त्याशिवाय तयार कसा होणार? सचिनचं उदाहरण दिलंच. मी सामन्यांच्या समितीत होतो. काट्यावर वजन बसत होतं. कुणी नाही म्हटलं नाही. बँकेच्या साहेबाला कोण नाही म्हणणार?

तिसऱ्या चढाईत त्याची पकड झाली. पकडणारी मुलं काही वाईट नव्हती, नियमानेच खेळत होती. पण ती तेरा-चौदा वर्षांची होती, मिसरूड फुटू लागलेली. सगळी अंगावर आली आणि ह्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं, डॉक्टर ज्याला कॉलरबोन म्हणतात ते. हात गळ्यात बांधून महिना-दीड महिना घरी होता. हाड छान जुळलं. पण पोरगं पुन्हा मैदानावर गेलं नाही. मी कितीदा म्हटलं, चल रे. तो म्हणायचा, अभ्यास आहे. दहावीला चांगले मार्क मिळाले, पुढे इंजिनियर झाला, सगळं मार्गी लागलं. मी मनाशी म्हणायचो, घाबरला असेल.

तेव्हा मला फडातला तो नियम आठवायला हवा होता. विजोड कुस्ती लागली तर दोष लावणाऱ्याचा. लावणारा मी होतो.

आता आजकडे येतो. आपल्या मोकळ्या प्लॉटवर पूर्वी क्रिकेट चालायचं आणि काचा फुटायच्या. फुटबॉल आला तो २०१७ च्या आसपास. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यातले काही सामने इथे जवळ नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सरकारने त्यानिमित्त शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला आणि ३० ऑक्टोबरचा अंतिम सामना नेरुळलाच होता. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. माझी नात तेव्हा आठ वर्षांची. तो सामना घरी टीव्हीवर बघताना तिने विचारलं, "आजोबा, ह्या सगळ्या मुली शाळेत जातात?" जातात म्हटलं. ती गप्प बसली आणि दुसऱ्या दिवसापासून प्लॉटवर मुलांबरोबर खेळायला लागली.

आता ती अकराची आहे. रौप्यमहोत्सवी सामन्यांसाठी आपण बारा वर्षांखालील आणि सोळा वर्षांखालील असे दोन गट केले. कागदाने तिचा गट लहान. पण ती लहान गटात खेळली की पाच-सहा गोल एकटीच करते. बाकीच्या मुलांना चेंडू मिळत नाही आणि दोन आयांनी माझ्याकडे तशी तक्रारही केली. ती रास्तच होती. गटाबाहेर जाण्याचा प्रश्न फक्त जाणाऱ्या मुलाचा नसतो, मागे राहणाऱ्यांचाही असतो. एके संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला वरच्या गटात घ्या. इथे मजा येत नाही."

त्याच आठवड्यात उलटा अर्जही आला. आईच्या परवानगीने लिहितो आहे. तेरा वर्षांचा एक मुलगा दीर्घ आजारातून उठला आहे, अंगात ताकद नाही, त्याला खालच्या गटात खेळू द्या, असं त्याच्या आईचं म्हणणं. कागदाने दोन्ही अर्ज नामंजूर. विषय संपला असता. पण क्रीडा समितीचा अध्यक्ष मी, आणि एक अर्जदार माझी नात.

बँकेत एक नियम आम्ही डोळे मिटून पाळायचो. नातेवाइकाचं कर्ज स्वतः मंजूर करायचं नाही, मग तो कितीही पतदार असो. १९९३ साली हा नियम मी फक्त बँकेत पाळला, घरी आणून लावला नाही. ह्या वेळी लावला. समितीला सांगितलं, ह्या दोन अर्जांवर मी बसणार नाही. तिघांना नेमा : एक आपले निवृत्त क्रीडाशिक्षक, एक लहान गटातल्या मुलाची आई, आणि एक सोळा वर्षांखालच्या गटातला खेळाडू. पोराला कशाला, असं काही जण म्हणाले. मी म्हटलं, कच्च्याला पक्का करायचा अधिकार पूर्वीपासून भिडूंचाच आहे.

तिघांनी काय केलं ते सांगतो, कारण पुढच्या समित्यांना त्याचा उपयोग होईल. दोन्ही मुलांना त्यांनी एकेकटं बोलावून विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? आई-बाबा, आजोबा बाहेर. तेरा वर्षांच्या त्या मुलाने सांगितलं, "मला लहान मुलांत नको. माझे मित्र वरती आहेत. मी थोडाच वेळ खेळेन, पण त्यांच्यात." आईला हे ठाऊकच नव्हतं. तिला भीती होती ती त्याच्या दमण्याची, आणि त्याला भीती होती ती मित्र हसण्याची. त्याला त्याच्याच गटात ठेवून मधून मधून दहा मिनिटं खेळवायचं ठरलं, तेही डॉक्टरांना विचारून.

माझ्या नातीला दोन रविवार मोठ्यांच्या सरावात कच्चा लिंबू म्हणून घेतलं. गोल मोजायचे नाहीत. पहिल्या रविवारी तिला चेंडू मिळालाच नाही. दुसऱ्या रविवारी एका उंच मुलाचा खांदा लागून ती आडवी झाली. मी गॅलरीतून बघत होतो आणि माझ्या पोटात गोळा आला. ती उठली, टाकीजवळ जाऊन पाणी प्यायली, थोडा वेळ बसली आणि आपणहून परत गेली. तिघांनी निकाल दिला : वरच्या गटात खेळावं, पण अर्धाच सामना. त्या दिवशी खालच्या गटात खेळायचं नाही, एका दिवशी एकच गट. आणि कधीही परत यावंसं वाटलं तर यावं, कुणी कारण विचारायचं नाही.

मुलगा रोज गाडीने नवी मुंबईला जातो. त्या रात्री तो उशिरा घरी आला. जेवताना मी भीत भीतच निकाल सांगितला. मला वाटलं तो चिडणार, कारण स्वतःचा खांदा तो विसरला नसणार. त्याने विचारलं, "तिला विचारलं होतं का?"

म्हटलं, "सगळ्यात आधी तिलाच विचारलं."

"मग झालं," तो म्हणाला. आणि ताटाकडे बघत पुढे म्हणाला, "बाबा, तेव्हा मला जायचंच नव्हतं. पण तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं."

बत्तीस वर्षं मी समजत होतो की पोरगं हाड मोडल्यामुळे घाबरलं. हाडाचा काही संबंधच नव्हता.

तर मंडळी, कानाला हात लावण्यापासून मनगटाच्या एक्स-रेपर्यंतचा हा इतिहास बघून मला एवढंच कळलं. वयाचा गट हे कुंपण आहे आणि कुंपण लागतंच. त्याशिवाय मोठी पोरं लहानांना तुडवतील आणि वशिल्याची पोरं पुढे जातील. पण कुंपणाला एक झापा ठेवावा लागतो. त्या झाप्यातून जायची इच्छा पोराची असावी. उघडायचा हात आई-बापाचा किंवा आजोबाचा नसावा. आधी काही दिवस कच्चा लिंबू म्हणून जाऊ द्यावं. आणि झापा दोन्ही बाजूंनी उघडावा, म्हणजे परत येणाऱ्याची मान खाली जाणार नाही.

ही स्मरणिका तुमच्या हाती पडेल तेव्हा सामने होऊन गेलेले असतील. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. नात म्हणते, आम्हीच जिंकणार. मुलाने त्या दिवशी सुट्टी टाकली आहे. तीस-बत्तीस वर्षांत तो मैदानाच्या कडेला उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. एवढ्यावर मी समाधानी आहे.

संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा. आणि प्लॉटवरचा तो फुटबॉल कुणाच्या गॅलरीत आला तर कृपया परत द्यावा, ही अध्यक्ष या नात्याने नम्र विनंती.